किल्ला आणि कांठ

प्रवासास निघतांना कॅमेरा खांद्यास लावण्याची मला जुनी खोड आहे. पूर्वीं एका रिळांत छत्तीस चित्रें निघत. त्यामुळें कळ दाबण्यापूर्वीं मनुष्य थोडा विचार करी. आतां हजार चित्रें घेतलीं तरी खर्च नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, विचारहि उणा झाला आहे.

माझ्या आत्येचें माहेर मालवणचें. गुडघे थकल्यापासून तिचें जाणें सुटलें. एका मार्गशीर्षांत मी तिकडे निघालों, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "किल्ल्याचें एक चित्र आण हो. भिंतीवर लावीन." मीं मोठ्या उत्साहानें कबूल केलें.

सिंधुदुर्ग हा छायाचित्रकारास सहज वश होणारा किल्ला नव्हे. गांवाच्या पश्चिमेस, समुद्रांतल्या कुरटे बेटावर तो उभा आहे. सकाळीं सूर्य आपल्या पाठीशीं असतो आणि तट उजळतो; सायंकाळीं तोच सूर्य किल्ल्याआड उतरला कीं सारा तट काळवंडून केवळ एक रेषा उरते. महाद्वार तर होडी अगदीं जवळ जाईपर्यंत दिसतच नाहीं. बुरुजांच्या वळणांत तें असें दडविलें आहे कीं, शत्रूच्या तोफेस जें सांपडूं नये तें माझ्या भिंगासहि सांपडलें नाहीं. आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी; चोहोंकडे खारा दर्या आणि मध्यें हें गोडें पाणी! राजाराम महाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें देऊळ आणि शिवरायांच्या हातापायांचे म्हणून घुमटीखालीं जपलेले चुन्यांतले ठसेहि पाहिले. दोन दिवसांत मीं चारशें चित्रें घेतलीं. होडी, माणूस, विजेची तार, वाळत घातलेलें जाळें, कांहींहि मध्यें आलें कीं मी जागा बदलीं. मला किल्ला एकटा हवा होता, निर्मळ, इतिहासांतला.

घरीं आल्यावर त्यांतलीं वीस चित्रें निवडून आत्येपुढें मांडलीं. तिनें चष्मा पुसून एकेक पाहिलें. "सुरेख आहेत," ती म्हणाली; पण तो स्वर दुसऱ्याच्या घरचे दागिने पाहणाऱ्या बाईचा होता. मग हळूच विचारलें, "अरे, मोरयाच्या धोंड्याजवळून घेतलेलें एकहि नाहीं का? आम्ही किल्ला पाहिला तो तेथून."

मोरयाचा धोंडा म्हणजे किनाऱ्यावरचा खडक. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं किल्ल्याचें भूमिपूजन तेथें झालें असें मानतात. मी तेथें गेलों होतों. उजेड अजमावण्यासाठीं एकदां कळहि दाबली होती. तें चित्र टाकाऊ ठरवून बाजूस ठेविलें होतें. तें आतां काढून दाखविलें. त्यांत रापणीचा दोर आडवा गेलेला, तो ओढणाऱ्या दहापंधरा माणसांच्या वांकलेल्या पाठी, कडेला टोपली घेऊन उभी असलेली एक मुलगी. आणि या सर्वांच्या वर, अंगठ्याएवढा, धुरकट किल्ला.

आत्या बराच वेळ बोलली नाहीं. नंतर म्हणाली, "रापण लागली कीं शाळेंतून येतांना आम्ही मुली अशाच उभ्या राहत असूं. आई ओसरीवरून हांका मारी, तरी पाय निघत नसे. हेंच दे मला."

"पण दोर मध्यें आला आहे, आत्या."

"मग? दोराशिवाय मालवण कसलें?"

मी ओशाळलों. या कांठावरच्या कोळी, भंडारी, गाबीत दर्यावर्द्यांच्या बळावर महाराजांचें आरमार उभें राहिलें. त्यांच्यामागून आलेलीं माणसें माझ्यासमोर दोर ओढीत होतीं, आणि मी मात्र त्यांना इतिहासाच्या आड येणारीं समजत होतों! २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशांत गणना केली. त्यांत सिंधुदुर्गहि आहे. चित्रें घेणाऱ्यांची रीघ आतां वाढेल, आणि ती वाढावीहि. त्यांनीं कांठाकडे पाठ मात्र फिरवूं नये.

तें टाकाऊ चित्र आज आत्येच्या खाटेसमोर लागलें आहे. परवां ती म्हणाली, "त्या मुलीला एक प्रत नेऊन दे. तिच्याजवळ कुठलें असणार?" नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवळला, कीं मी मालवणास जाणार आहें.