चुकीचा न्याय

मी मास्तर. चुका शोधून त्यांवर लाल शाईची फुली मारणे हा माझा धंदा. पण चुकीचा न्याय कसा करावा, याची एक चोख रीत मला अलीकडे भेटली ती पूलच्या टेबलावर. (पूल म्हणजे नदीवरचा नव्हे, काठीने चेंडू पॉकेटात घालण्याचा खेळ.)

तिथे मार चुकला म्हणजे फाऊल झाला, असे नाही. क्यूचे टोक घसरावे, पांढरा चेंडू वेडावाकडा पळावा, बघ्यांनी खो खो हसावे. तरी त्याने आपल्या वाट्याच्या चेंडूला आधी गाठले आणि मग एखादा चेंडू कडेला लागला किंवा पॉकेटात पडला, तर सारे माफ! उलट ऐटदार मार मारून पांढराच पॉकेटात गेला, की फाऊल. मनात काय होते, हे कोणी विचारीत नाही. शाळेत आमचा पहिला प्रश्न तोच असतो: 'मुद्दाम केलेस ना?'

पूलचा चुलतभाऊ स्नूकर मात्र मनात डोकावतो. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी काढलेला हा खेळ. ठरलेला चेंडू हुकला, तर निदान ४ गुण प्रतिस्पर्ध्याला जातातच. शिवाय प्रयत्न मनापासून नव्हता असे पंचाला वाटले, तर तो 'मिस' पुकारतो आणि तोच मार पुन्हा खेळायला लावता येतो. त्या पंचाची मला कीव येते.

आमच्या गावच्या पार्लरमध्ये पंच नसतोच. मुले तिथे जातात अशी पालकांची तक्रार आली, मुख्याध्यापकांनी मला पाहून यायला सांगितले, आणि मी, केवळ कर्तव्य म्हणून, तीन संध्याकाळी जाऊन बसलो.

तिसऱ्या दिवशी माझ्याच वर्गातला एक मुलगा काळ्या आठ नंबरवर नेम धरून वाकला होता. गणिताच्या तासाला याचा डोळा शेजाऱ्याच्या वहीवरून हलत नाही. दोघांचेही बाकीचे चेंडू संपलेले. हरेल त्याने टेबलाचे भाडे द्यायचे, असा करार. आणि सहलीची वर्गणी त्याने अजून दिलेली नव्हती. मार अगदी सोपा होता. इतक्यात त्याच्या बाहीचे बटण पांढऱ्या चेंडूला लागले. चेंडू केसभर हलला. समोरचा मुलगा क्यूला खडू लावण्यात गुंतला होता.

हा सरळ उभा राहिला. "बाही लागली रे. फाऊल."

समोरच्याने पांढरा चेंडू उचलला, सोयीच्या जागी ठेवला आणि आठ नंबर घातला. आमचा विद्यार्थी खिसे चाचपीत गल्ल्याकडे गेला. मी कोपऱ्यात बसलो आहे, हे त्याने पाहिलेच नव्हते.