नेग्रेस्को : एका हॉटेलाचे दोन मालक

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहरात सकाळी फिरावयास निघालेल्या माणसाच्या नजरेतून दोन गोष्टी सुटत नाहीत. एक म्हणजे भूमध्य समुद्राचा निळा रंग आणि दुसरी म्हणजे त्या समुद्राकडे तोंड करून उभी असलेली, गुलाबी घुमटाची शुभ्र इमारत. हेच हॉटेल नेग्रेस्को. गेल्या जून महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे पॅरिसला गेलो असता जावईबापूंनी आग्रहाने आम्हाला तीन दिवसांसाठी नीसला आणले. नेग्रेस्कोमध्ये उतरण्याइतका आमचा हात सैल नाही. दोन गल्ल्या मागे एका साध्या ठिकाणी आमचा मुक्काम होता. परंतु येता-जाता त्या इमारतीसमोर पाय थांबत असत.

त्याला एक घरगुती कारणही होते. पेठेतला आमचा जुना वाडा आजोबांनी बांधला. खाली भुसार मालाचे दुकान आणि वर राहती जागा, अशी त्याची रचना. आज आम्ही तिघे भाऊ वेगवेगळ्या वसाहतींत राहतो आणि दुकान मार्केट यार्डात गेले आहे. वाडा बिल्डरला द्यावा की राखावा, यावर घरात दोन वर्षे एकमत होत नव्हते. निघण्याच्या आदल्या रात्री थोरले बंधू म्हणाले होते, “परत येशील तेव्हा काहीतरी ठरवूनच ये.” तो विषय मनात घेऊनच मी विमानात बसलो होतो.

नेग्रेस्को ज्या रस्त्यावर उभे आहे, त्या रस्त्याची हकीकत आधी सांगितली पाहिजे. ‘प्रोमेनाद दे झांग्ले’ हे त्याचे नाव. इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता, असा त्याचा अर्थ. अठराव्या शतकापासून श्रीमंत इंग्रज कुटुंबे थंडीचे महिने काढण्यासाठी येथे येऊन राहत. आज येथे उन्हाळ्यात गर्दी होते, त्या काळी मात्र हंगाम हिवाळ्याचा असे. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हते. सार्डिनियाच्या राज्यातील हे शहर १८६० साली फ्रान्सला जोडले गेले. १८२० च्या सुमारास एका कडक हिवाळ्याने येथील गोरगरिबांचे हाल झाले आणि रस्त्यावर भिकारी वाढले. तेव्हा लुईस वे या इंग्रज धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने पैसा उभा राहिला आणि त्या लोकांना भिक्षेऐवजी किनाऱ्याने पायवाट बांधण्याचे काम देण्यात आले. दुष्काळी कामांतून झालेले रस्ते आणि तलाव आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे या गोष्टीचे आपल्याला नवल वाटणार नाही. जगातील धनिकांचा हा सुप्रसिद्ध रस्ता मुळात उपाशी माणसांच्या हातांनी झाला, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आज तो सुमारे सात किलोमीटर लांब आहे. खाली वाळूऐवजी करड्या रंगाचे गोल गोटे आहेत आणि वर कठड्याजवळ कोणीही बसावे अशा निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात.

अशाच एका खुर्चीवर बसून जावईबापूंनी आम्हाला पहिल्या मालकाची कथा सांगितली. आंरी नेग्रेस्को याचा जन्म १८६८ साली रुमानियातील बुखारेस्ट शहरात झाला. वडील खानावळ चालवीत. मुलगा लहान वयातच घर सोडून निघाला आणि हॉटेलांतून, भोजनगृहांतून काम करीत, गिऱ्हाइकाची मर्जी ओळखण्याची विद्या शिकत वर चढला. नीस येथील नगरपालिकेच्या कॅसिनोचा तो संचालक झाला. तेथे येणाऱ्या राजेरजवाड्यांना आणि कोट्यधीशांना काय हवे असते, हे त्याला नेमके कळले होते. त्यातूनच त्यांना शोभेल असे हॉटेल बांधण्याची कल्पना त्याच्या मनात आली. भांडवल मोटारी बनविणारे उद्योगपती अलेक्सांद्र दारॅक यांनी पुरविले. आराखडा नेदरलँडमध्ये जन्मलेल्या एदुआर्द नीरमान्स या वास्तुविशारदाने केला. पॅरिसमधील नामांकित रंगगृहांची कामे त्याच्या नावावर होती. १९१३ साली हॉटेल सुरू झाले आणि खानावळवाल्याच्या मुलाच्या दारी युरोपातील बडी मंडळी उतरू लागली.

दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. पाहुणे नाहीसे झाले आणि राजवाड्यासारख्या त्या इमारतीत जखमी सैनिकांचे रुग्णालय उघडण्यात आले. युद्ध संपेपर्यंत नेग्रेस्को कर्जात बुडाला होता. हॉटेल एका बेल्जियन कंपनीच्या ताब्यात गेले आणि १९२० साली, अवघ्या बावन्नाव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. ज्याच्या नावाची अक्षरे आजही त्या इमारतीवर झळकतात, त्याला तिचे सुख जेमतेम वर्ष-दीड वर्ष लाभले. हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, “नाव राहिलं, पण घर गेलं.” मी काही बोललो नाही. आमच्या वाड्याच्या चौकटीवर कोरलेले आजोबांचे नाव मला त्या क्षणी आठवले.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या निमित्ताने आम्ही आत गेलो. दारावर जुन्या काळातील गाडीवानांचा रंगीत पोशाख घातलेले सेवक उभे होते. त्यांनी आम्हाला इतक्या अदबीने आत घेतले की, साध्या चपला घातल्याचा आम्हाला संकोच वाटला. मधल्या भव्य दालनावर काचेचे छत आहे आणि त्याखाली बाकारा या प्रसिद्ध कारखान्याचे स्फटिकाचे झुंबर. त्यात १६,३०९ लोलक आहेत असे सांगतात. रशियाच्या झारने ते बनवावयास सांगितले, पण क्रांती झाल्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही, अशीही त्याची कथा आहे. मागणी नोंदविणाऱ्याचे राज्यच गेल्यावर माल येथे येऊन टांगला गेला. व्यापारी माणसाला यातला विचार सहज कळतो.

भिंतींवर चौदाव्या लुई राजाचे, रिगो या चित्रकाराने काढलेले भव्य तैलचित्र आहे आणि जवळच आधुनिक शिल्पकार निकी द सेंफाल यांची रंगीबेरंगी, गुबगुबीत स्त्रीमूर्ती. सुमारे सहा हजार कलावस्तूंचा हा संग्रह हॉटेलाच्या दुसऱ्या मालकिणीने, झान ओजिए यांनी, उभा केला. त्यांची कथा ऐकल्यावर ही इमारत माझ्या दृष्टीने वेगळीच झाली.

बेल्जियन कंपनीच्या काळात हॉटेलाला उतरती कळा लागली होती. १९५७ साली झानच्या वडिलांनी, मेनाज यांनी, ते विकत घेतले. हे ब्रिटनी प्रांतातील गृहस्थ मांसविक्रीच्या धंद्यातून बांधकाम व्यवसायात आले होते. त्यांच्या पत्नीला चाकांच्या खुर्चीवर बसावे लागे आणि ती खुर्ची मावेल इतकी मोठी लिफ्ट नेग्रेस्कोमध्ये होती, म्हणून त्यांनी ते हॉटेलच घेतले, असे सांगितले जाते. कारभार झान आणि त्यांचे वकील पती पॉल ओजिए यांनी हाती घेतला. पुढली अनेक दशके झान हॉटेलातच राहिल्या. एकेक खोली त्यांनी वेगळ्या काळाच्या शैलीत सजविली. २००३ साली फ्रान्स सरकारने या वास्तूला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. मोठमोठे धनिक ती विकत घेण्यास उत्सुक होते. बिल गेट्स यांनी किंमत विचारली तेव्हा, आपण तेवढे श्रीमंत नाही आहात, असे उत्तर बाईंनी दिल्याची गोष्ट नीसमध्ये मोठ्या कौतुकाने सांगतात.

ओजिए दांपत्याला मूलबाळ नव्हते. पती १९९५ साली वारले. मागे उरली ती एवढी मोठी वास्तू, तिच्यातील कलासंग्रह आणि तिच्यावर पोट असलेली कामगारांची कुटुंबे. झान यांना मुक्या प्राण्यांचा अतिशय लळा होता. २००९ साली त्यांनी आपल्या माहेरचे आणि सासरचे नाव जोडून एक निधी स्थापन केला आणि आपली मालमत्ता त्याच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था केली. हॉटेल आणि कलासंग्रह सांभाळावा, प्राण्यांचे आणि पीडित माणसांचे दुःख हलके करावे, असे त्याचे उद्देश ठरले. २०१९ च्या जानेवारीत, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. मांसविक्रीतून वर आलेल्या घरातील लेकीने आपली दौलत जिवांच्या रक्षणासाठी ठेवावी, हे ऐकून आमच्या सौ.नी हात जोडले. पांजरपोळाला वर्षासन देणाऱ्या घरात त्या वाढलेल्या आहेत.

अर्थात, मनात शंकाही येते. हे हॉटेल विलासाचे आहे, त्याच्या स्वयंपाकघरात मांसमच्छी शिजते आणि त्याच मिळकतीतून भूतदया चालावी, यात विसंगती नाही काय? आहे. जावईबापूंशी यावर बराच वेळ वाद झाला. शिवाय निधी स्थापन झाला म्हणजे सारे सुरळीत झाले असेही नाही. बाईंची प्रकृती खालावल्यावर २०१३ साली न्यायालयाला हॉटेलासाठी तात्पुरता प्रशासक नेमावा लागला. दान देण्याची इच्छा आणि ते चालविण्याची घडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यांनी एखाद्या विश्वस्त मंडळावर काम केले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. पण मालकीचा प्रश्न बाईंनी आपल्या हयातीत, कोणी मागणी करण्यापूर्वी सोडविला, एवढे तरी त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही त्याच रस्त्याने परतत होतो. १४ जुलै २०१६ च्या रात्री राष्ट्रीय सणाची आतषबाजी पाहून निघालेल्या गर्दीत येथेच एका हल्लेखोराने ट्रक घुसविला आणि ८६ माणसे प्राणास मुकली. त्या रात्री नेग्रेस्कोच्या प्रवेशदालनात जखमींवर उपचार झाले. शंभर वर्षांच्या अंतराने तीच इमारत पुन्हा रुग्णालय झाली. हे ऐकल्यावर झुंबराचे लोलक मोजण्याचा माझा उत्साह ओसरला.

जुन्या शहरात तांब्याच्या मोठ्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेला ‘सोका’ नावाचा पदार्थ मिळतो. चण्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, एवढेच त्यात असते. आपल्या बेसनाच्या धिरड्याची ती बहीणच. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण्याची अडचण पडली नाही. गरम सोका कागदावर घेऊन आम्ही निळ्या खुर्च्यांवर बसलो आणि मी थोरल्या बंधूंना फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, तरी ते जागे होते. मी म्हणालो, “दादा, वाडा विकू नये असं मला वाटतं. खालचा मजला बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेसाठी द्यावा. पण आपण हयात आहोत तोवर रीतसर कागद करून द्यावा.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आणि धाकट्याचा वाटा?”

तो प्रश्न खरा होता. धाकट्याच्या मुलीचे शिक्षण परदेशी चालू आहे आणि त्याला रकमेची गरज आहे. परतल्यावर आम्ही तिघे वाड्याच्या ओसरीवर बसलो. धाकट्याच्या वाट्याची रक्कम आम्ही दोघांनी तीन वर्षांत द्यावयाची, असे ठरले आहे. दस्त अजून झालेला नाही, वकिलांकडे मसुदा आहे. अभ्यासिकेला आजोबांचे नाव द्यावे की नाही, यावर मात्र अद्याप चर्चा सुरू आहे.