भाकर एकटी जात नाही

आपल्या भाषेत जगण्याचा विषय निघाला की भाकर आलीच. परगावी नोकरीला गेलेला माणूस भाकरीच्या मागे गेला असे आपण म्हणतो, आणि ज्या घरात कमावते कोणी उरत नाही तेथे भाकरीची भ्रांत पडली असे म्हणतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही पित्याचे नाव, राज्य आणि इच्छा ह्यांच्यानंतरची पहिली ऐहिक मागणी भाकरीचीच आहे. बेथलेहेम ह्या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचे घर' असा होतो. ह्या परंपरेत वाढलेल्या आणि रोज वेदीवर भाकर हाती घेणाऱ्या माझ्यासारख्या धर्मगुरूला डॉक्टरांनी एके दिवशी सांगितले, 'फादर, भाकर सोडा.'

हे २०२२ सालच्या पावसाळ्यातले. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीचा आकडा ८.४ टक्के आला होता. भात, भाकरी, पाव, बटाटा, साखर आणि आमच्या वसईकडे ज्यांच्यावाचून पाहुणचार पुरा होत नाही ती केळी आणि सुकेळी, हे सारे काही महिने बाजूला ठेवायचे; मासे, अंडी, कोंबडी, पनीर, शेंगदाणे आणि पालेभाज्या ह्यांवर राहायचे; दिवसभरातले पिष्टमय अन्न ५० ग्रॅमच्या आत ठेवायचे, असे पथ्य ठरले. दोन मध्यम भाकऱ्यांतच ही मर्यादा ओलांडली जाते.

हे पथ्य काही आजचे नाही. लंडनमध्ये अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा धंदा करणाऱ्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पाव, लोणी, दूध, साखर, बटाटा आणि बिअर सोडली, आणि १८६३ साली आपल्या घटलेल्या वजनाची हकिकत छापून लोकांना वाटली. तिचा एवढा बोलबाला झाला की त्यांचे आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. अशा हकिकती वाचताना घटलेले वजन लक्षात राहते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत देह काय काय बोलतो, हे मात्र ज्याचे त्याला अनुभवावे लागते. भाकर घरातून जाते तेव्हा ती एकटी जात नाही, हे मला त्या आठवड्यांत कळले.

तिच्याबरोबर प्रथम पाणी जाते. पहिल्या सात दिवसांत माझे वजन तीन किलोंनी उतरले आणि धर्मग्रामात कौतुक सुरू झाले. परंतु ती चरबी नव्हती. आपले शरीर जादा साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम. ह्या साठ्यातील प्रत्येक ग्रॅम आपल्याजवळ सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भाकर थांबली की दोन-चार दिवसांत हे कोठार पुष्कळसे रिकामे होते आणि त्यातले पाणी वाहून जाते. रात्री चार-चार वेळा उठावे लागत होते, आणि सकाळी जीभ टाळ्याला चिकटलेली असे.

पाण्यामागून मीठ जाते, आणि खरा त्रास तेथे आहे. पिष्ट कमी झाले की रक्तातील इन्शुलिन उतरते. इन्शुलिन मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवायला सांगत असते. तो निरोप येईनासा झाला की मूत्रपिंड मीठ सोडू लागते. चौथ्या दिवशी डोके ठणकू लागले, ते तीन दिवस थांबले नाही. मध्यरात्री पोटरीत असा पेटका येई की पलंगाची कड धरून उभे राहावे लागे. पाचव्या दिवशी सकाळच्या मिस्सात गुडघा टेकून उठताना डोळ्यांपुढे काळोख आला. वेदीची कड हाताशी होती म्हणून निभावले. डॉक्टरांना कळवले तेव्हा त्यांनी रक्तदाब मोजला. तो इतका खाली आला होता की रक्तदाबाची गोळी त्यांनी निम्म्यावर आणली आणि दिवसातून दोनदा मीठ घातलेले गरम सार प्यायला सांगितले. दोन दिवसांत डोके उतरले आणि पेटके थांबले. पृथ्वीचे मीठ ह्या विषयावर मी तीस वर्षे प्रवचने दिली आहेत. मिठाची थोरवी पोटरीने एवढ्या नेमकेपणाने पूर्वी कधी सांगितली नव्हती. मात्र हा उपाय सर्वांना लागू नाही. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड अधू आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने मीठ वाढवू नये.

पूर्वीच्या प्रवाशांनाही ह्या अशक्तपणाची ओळख होती. फ्रँकलिनच्या हरवलेल्या मोहिमेचा माग काढण्यासाठी १८७८ ते १८८० ह्या काळात उत्तर ध्रुवाकडील बर्फात हिंडलेले अमेरिकन लेफ्टनंट फ्रेडरिक श्वाट्का ह्यांनी नोंदवून ठेवले आहे, की केवळ रेनडियरच्या मांसावर राहू लागल्यावर आरंभी अंगात त्राण उरत नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी ही अवस्था ओसरते. त्यांचा हा हिशेब माझ्या बाबतीत तंतोतंत उतरला.

दुसऱ्या आठवड्यात तोंडाला धातूची चव आली आणि श्वासाला एक विचित्र वास. मला स्वतःला तो कळत नव्हता. मिस्सानंतर सॅक्रिस्टीत एका लहान वेदीसेवकाने निरागसपणे विचारले, 'फादर, तुमच्या तोंडाला आईच्या नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास का येतो?' मुलगा बरोबर बोलत होता. पिष्ट मिळेनासे झाले की यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ तयार करते आणि मेंदूसुद्धा त्यांवर चालू लागतो. त्यांपैकी ॲसिटोन हा उडून जाणारा पदार्थ श्वासावाटे बाहेर पडतो, आणि नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात पुष्कळदा तोच असतो. पण हे सर्वांना कोण सांगणार? कुमसार ऐकताना माणसाचे तोंड आणि धर्मगुरूचे तोंड ह्यांत केवळ एका जाळीचे अंतर असते. पलीकडे गुडघे टेकलेल्या जिवाने माझ्याविषयी भलताच ग्रह करून घेऊ नये, म्हणून मी काही आठवडे खिशात बडीशेप आणि लवंग बाळगली.

ह्याच कीटोनांचा एक उपकारही आहे. अपस्माराचे झटके उपवासाने कमी होतात हे जुन्या काळापासून माहीत होते. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर ह्यांनी सुचवले, की पिष्ट अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ पुष्कळ दिले तर उपाशी न ठेवताही देहात उपवासाची स्थिती आणता येईल. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी मुलांना हा आहार आजही देतात. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात झटके येणाऱ्या मुलाची जी कथा आहे, तिच्या शेवटी पुष्कळ हस्तलिखितांत प्रार्थनेच्या जोडीला उपवासाचाही उल्लेख येतो. काही महत्त्वाच्या प्राचीन प्रतींत तो नाही. सेमिनरीत हा पाठभेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. कोणा लेखनिकाने तो शब्द कशाच्या आधारे जोडला असेल, ह्याचे कुतूहल आता मला अधिक वाटते.

सर्वांत चमत्कारिक लक्षण मी दुसऱ्याच्या देहावर पाहिले. लग्नाची नोंदणी करायला आलेली एक मुलगी वधूवेषासाठी बारीक व्हावे म्हणून तीन आठवडे भात-भाकरीला शिवली नव्हती. तिच्या मानेवर आणि पाठीवर जाळीसारखे लाल, खाजरे पुरळ उठले होते. आईला वाटले सुकट बाधली. आजी म्हणाली, पोरीला दृष्ट लागली. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगितले. तेथे पहिलाच प्रश्न 'आहारात काही बदल केला का?' असा विचारला गेला. हा विकार जपानमध्ये १९७१ साली नागाशिमा ह्यांनी प्रथम वर्णिला. तो विशेषतः तरुण स्त्रियांत दिसतो आणि कीटोन वाढण्याशी त्याचा संबंध पुष्कळदा आढळतो. भात पुन्हा सुरू झाला, थोडे औषध दिले गेले, आणि दोन आठवड्यांत खाज गेली. तपकिरी जाळीचा डाग मात्र लग्नाच्या दिवशीही पदराखाली होता.

बाकीची लक्षणे थोडक्यात सांगतो. बद्धकोष्ठ होते, झोप उडते, जिना चढताना छाती धडधडते. कोणाला आरंभी युरिक आम्ल वाढून अंगठ्याचा सांधा सुजतो. वजन झपाट्याने उतरल्यास दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा पुन्हा येतात. ही लक्षणे त्रासदायक असली तरी सहसा निभावून नेता येतात.

काही लक्षणे मात्र निभावून नेण्याची नव्हेत. आपल्या कुटुंबांत मधुमेह घरोघरी आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना भाकर सोडली तर साखर धोक्याच्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, बोलण्यातला गोंधळ ही तिची चिन्हे आहेत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या जातीच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या चालू असताना पिष्ट बंद केले तर रक्तातील आम्ल घातक प्रमाणात वाढू शकते. आणि साखरेचा आकडा तेव्हा फारसा चढलेला नसल्याने घरच्यांना संशयही येत नाही. उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि भराभर श्वास, गुंगी अशी लक्षणे दिसली तर 'पथ्याचा त्रास आहे, जाईल' असे न म्हणता तत्काळ रुग्णालय गाठावे. पथ्य सुरू करण्यापूर्वी गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे उपडी करावी.

त्या दिवसांत प्रातःप्रार्थनेला बसलो की गणनाच्या पुस्तकातला अकरावा अध्याय आठवे. मिसरच्या दास्यातून सुटलेले लोक रानात मोशेपुढे रडतात, ते काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण ह्यांच्यासाठी. प्रवचनात आपण त्यांना कृतघ्न ठरवतो. पण कित्येक पिढ्यांची अन्नाची सवय एकाएकी तुटली की देह कुरकुरतो, आणि त्या कुरकुरीत काही खरेही असते, हे मला आता पटते. माझ्या देहाची कुरकुर ऐकली गेली म्हणूनच गोळी निम्मी झाली.

भाकरीबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती पंक्ती. घर आशीर्वादित करायला गेलो, बाप्तिस्म्याला गेलो, कोणाच्या महिन्याच्या मिस्सानंतर दोन घास खायला बसलो, की ताटात प्रथम तांदळाची भाकरी येते. मी ती बाजूला सारली, तेव्हा एका वृद्ध माउलीने विचारले, 'फादर, आमच्या घरची भाकर तुम्हांला चालत नाही का?' मी आजार समजावून सांगितला. तिने मान डोलावली, पण तिचा चेहरा उतरलेलाच राहिला. संत बेनेडिक्टांच्या सहाव्या शतकातील नियमावलीत मठवासीयांना चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य आहे, भाकर मात्र प्रत्येकाला दिवसाला एक पौंड मोजून दिलेली आहे. एकत्र राहणाऱ्यांचे ताट भाकरीशिवाय मांडता येत नाही, हे त्या संताला ठाऊक होते.

आपल्या प्राचीन उपवासात आणि ह्या पथ्यात हाच मोठा फरक आहे. दुसऱ्या शतकातील 'हर्मासचा मेंढपाळ' ह्या ग्रंथात उपवासाची रीत सांगितली आहे. त्या दिवशी केवळ भाकर आणि पाणी घ्यावे, न खाल्लेल्या अन्नाची किंमत मोजावी आणि ती विधवेला, अनाथाला वा गरजूला द्यावी. मी तर नेमके उलट करीत होतो. भाकर सोडून बाकी सारे खात होतो. महिनाअखेर स्वयंपाकीणबाईंनी हिशेब मांडला, तेव्हा वाचलेल्या तांदळापेक्षा पापलेट आणि पनीर ह्यांचाच खर्च कितीतरी जास्त भरला. ज्याच्या घरी भात आणि सुके बोंबील एवढेच शिजते, त्याला डॉक्टर हे पथ्य लिहून देऊ शकतील, पण त्याला ते परवडेल कसे? म्हणून माझ्या वाटणीचा तांदूळ मी विकत घेणे थांबवले नाही. तो दर महिन्याला पलीकडच्या पाड्यावरील एका घरी जातो.

ह्या काळात धान्याचा एकच कण माझ्या मुखात जात होता, तो मिस्साच्या वेळी. वेदीवरील भाकर गव्हाचीच असावी असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. तिच्यातील पिष्ट इतके अल्प असते की डॉक्टरांनी ते हिशेबातही धरले नाही. दिवसभराच्या ताटातून गहू नाहीसा झाल्यावर त्या पातळ चकतीची चव मला प्रथमच स्वच्छ कळू लागली. भाजलेल्या पिठाची, किंचित गोड. वर्षानुवर्षे ती न्याहारीच्या आधी घाईने गिळली गेली होती. आता दिवसाची भाकर म्हणजे तीच होती, आणि रोजच्या भाकरीची प्रार्थना म्हणताना मी नेमके काय मागतो आहे हे मला ठाऊक असे.

चौथ्या आठवड्यानंतर त्रास उरला नाही. वर्षाअखेर साखरेचा आकडा ६.६ टक्क्यांवर आला, आणि डॉक्टरांनी दुपारी एका लहान भाकरीची मुभा दिली. ती मी सावकाश चावून खातो, आणि शक्यतो कोणाच्या तरी पंक्तीला बसून खातो.