खेळ कीं गणित?

सुमारें सोळा वर्षांपूर्वींची गोष्ट. मी नुकताच गणित शिकवूं लागलों होतों. नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. हॉकीच्या मैदानावर तो वाऱ्यासारखा धांवे. पण बीजगणिताचा तास आला कीं त्याची मान खालीं जाई. सहामाहींत तो नापास झाला. त्याचे वडील मजकडे येऊन म्हणाले, "सर, आतां तुम्हीच मार्ग दाखवा." क्षणाचाही विचार न करतां मीं सांगितलें, "हॉकीच्या संघांतून याचें नांव काढा. दोन डगरींवर पाय ठेवून चालत नाहीं." नांव निघालें. मुलगा पुढें शालान्त परीक्षेंत गणितांत बऱ्या गुणांनीं उत्तीर्ण झाला व मला माझ्या निर्णयाचा अभिमान वाटला. त्यानें पुन्हां कधीं हॉकीची काठी हातीं धरली नाहीं, हें मात्र माझ्या ध्यानांतही आलें नाहीं.

तो मुलगा हल्लीं कॅनडांत टोरोंटो शहरीं नोकरीस आहे. मे महिन्याच्या सुटींत त्याचें पत्र आलें. त्यांत त्यानें लिहिलें होतें, "सर, येथून सरहद्द ओलांडली कीं अमेरिकेंतील बफेलो शहर लागतें. तेथें लॅक्रॉसचा सामना पाहून आलों. या संघाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण होता, ठाऊक आहे? एक गणिताचे मास्तर!" पत्रांत तक्रारीचा एक शब्दही नव्हता, परंतु तें वाक्य मला टोंचलें. मीं त्या संघाचा इतिहास मिळवून वाचला. तोच आज तुम्हांस सांगतों.

लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा खेळ. काठीच्या टोंकाला जाळीची झोळी असते. तींत चेंडू झेलावयाचा, तो घेऊन धांवावयाचें आणि संधि साधून गोलांत फेंकावयाचा. होडेनोशोनी लोक या खेळास सृष्टिकर्त्याची देणगी मानतात. सन १८६७ च्या सुमारास मॉन्ट्रियलचे दंतवैद्य जॉर्ज बीअर्स यांनीं त्याचे नियम बांधले. पुढें १८८० च्या सुमारास स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठीं ठेवण्यांत आल्या, आणि प्रवासखर्चासाठीं पैसे घेणारे मूळ रहिवासी 'धंदेवाईक' ठरून आपल्याच खेळांतून बाहेर काढले गेले! सन १९३० नंतर कॅनडांत बर्फावरील हॉकीचीं बंदिस्त रिंगणें उन्हाळ्यांत रिकामीं पडूं लागलीं, तेव्हां त्यांत हा खेळ सुरू झाला. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूस सहा गडी. भिंतीवर आपटलेला चेंडूही चालूच. त्यामुळें खेळ अतिशय वेगाचा होतो.

बफेलोचा धंदेवाईक संघ सन १९९२ मध्यें मैदानांत उतरला. 'बँडिट्स', म्हणजे लुटारू, असें त्याचें नांव. पहिल्याच वर्षीं त्यानें फिलाडेल्फियाच्या संघास हरवून अजिंक्यपद पटकाविलें. सन १९९३ मध्यें तर एकही सामना न हरतां त्यानें तें राखलें, व १९९६ मध्यें तिसऱ्यांदा जिंकलें. एका गोष्टीनें मला विशेष समाधान वाटलें. पहिल्या संघांतच टस्करोरा जमातीचे दोन भाऊ, रिच व डॅरिस किलगोर, होते. ज्यांच्या पूर्वजांचा हा खेळ, तेच येथें प्रारंभापासून खेळले. आणि डॅरिस यांच्याच मार्गदर्शनाखालीं संघानें सन २००८ चें अजिंक्यपद मिळविलें.

आतां त्या मास्तरांविषयीं. त्यांचें नांव जॉन तावारेस. तेही पहिल्या वर्षापासून संघांत होते. टोरोंटोजवळील मिसिसॉगा येथें ते विद्यालयांत गणित शिकवीत. या खेळांत मिळणाऱ्या पैशावर बहुतेकांचें घर चालत नाहीं. म्हणून खेळाडू आठवडाभर आपापली नोकरी करतात व बहुधा सुटीच्या दिवसांत सामने खेळतात. तावारेस असे एक-दोन नव्हे, चोवीस हंगाम त्याच संघाकडून खेळले आणि सन २०१५ पर्यंत त्यांनीं साखळी सामन्यांत ८१५ गोल केले. फळ्यापुढें उभें राहणारा हात आणि जाळीची काठी धरणारा हात एकच!

यश मात्र सरळ रेषेंत चाललें नाहीं. सन १९९६ नंतरचें अजिंक्यपद बारा वर्षांनीं आलें, आणि २००८ नंतरचें तब्बल पंधरा वर्षांनीं. सन २००४, २००६, २०१६, २०१९ व २०२२ या पांच वर्षीं संघ अंतिम फेरींत पोंचून हरला. शेवटच्या दोन पराभवांच्या वेळीं तावारेस स्वतः प्रशिक्षक होते. उदाहरण चुकलें म्हणून पाटी फोडावयाची नसते, हें गणितशिक्षकास कोणी सांगावयास नको. त्यांच्याच हाताखालीं संघानें २०२३, २०२४ व २०२५ अशीं लागोपाठ तीन अजिंक्यपदें मिळविलीं.

हा इतिहास वाचून मीं त्या मुलास उत्तर लिहिलें, "बाळ, तुझें गणित चुकलें नव्हतें, माझें चुकलें होतें. मला तुझी शनिवारची एक तासाची मेहनत हवी होती. मीं ती मागितली नाहीं. तुझी काठी मागितली."

पालकहो, खेळामुळें अभ्यास आपोआप होतो असें मी म्हणत नाहीं. तावारेस यांनीं खेळासाठीं खडू टाकला नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. पण यंदा पुन्हां एक वडील तेंच विचारावयास आले, तेव्हां मीं वेगळें उत्तर दिलें. "नांव संघांत राहूं द्या," मीं म्हटलें, "आणि शनिवारीं सकाळीं मुलीला एक तास माझ्याकडे पाठवा." ती मुलगी न चुकतां येते. बीजगणित अजून तिला सोपें वाटत नाहीं. परंतु ती मान खालीं घालून बसत नाहीं.