जर्मन, डच आणि दप्तर

जुन्या यूरोपीय कागदांचे मराठीकरण करणे हा ज्याचा व्यवसाय, त्याच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुण मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो, तो असा की जर्मन शिकावी की डच. विचारणाऱ्याच्या मनाचा निकाल बहुधा आधीच झालेला असतो आणि त्या निकालावर कोणा जाणत्याचा शिक्का तेवढा त्याला हवा असतो. जर्मन बोलणारे नऊ कोटींच्या घरात, डच बोलणारे जेमतेम अडीच कोटी. जर्मन शिकली तर विद्यापीठांची आणि कारखान्यांची दारे उघडतात, आणि हॉलंडात तर म्हणे रस्त्यावरचा मनुष्यही इंग्रजीत उत्तर देतो. असा जमाखर्च मांडून बाकी जर्मनच्या नावे काढलेला ताळेबंद तो माझ्यापुढे ठेवतो. त्या ताळेबंदात चूक काढण्यासारखे काही नसते. तथापि भाषेची निवड बोलणाऱ्यांच्या खानेसुमारीवरून करावयाची असेल, तर या दोहोंना सोडून चिनीच का शिकू नये, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही. माझे मत असे की, कोणते कागद वाचावयाचे आहेत हे जोवर ठरलेले नाही, तोवर या प्रश्नाला उत्तरच नाही. आणि ते एकदा ठरले म्हणजे प्रश्न उरत नाही.

पुण्यात वाढलेल्या मनुष्याला जर्मन फारशी परकी वाटत नाही, याला इतिहास आहे. फ्रान्झ कीलहॉर्न हे १८६६ पासून १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. गेओर्ग ब्यूलर मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत. आणि बोथलिंक व रोट यांचा सात खंडांचा संस्कृत-जर्मन महाकोश १८५५ ते १८७५ या काळात बाहेर पडल्यापासून, आपल्याच पूर्वजांच्या शब्दाचा नेमका अर्थ पाहण्यासाठी जर्मनच्या दारी जावे लागणे, ही येथल्या पंडितांच्या नित्यक्रमातील गोष्ट झाली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुखटणकर हे बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स यांच्यापाशी अध्ययन करून आलेले होते. आज मॅक्सम्यूलर भवनात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, इतकेच काय पण गुण भरघोस मिळतात म्हणून घेतलेल्या शाळा-कॉलेजांतील वैकल्पिक तासांतही जर्मन शिकविली जाते, आणि त्या तासांतून निघालेली काही मुले पुढे खरोखरच ग्रंथ वाचू लागतात, हे मी पाहिलेले आहे.

शिवाय जर्मनचे व्याकरण आपल्याला भिववीत नाही. ज्याने संस्कृतच्या विभक्ती लहानपणी घोकल्या त्याला चार विभक्तींचे ओझे ते काय? तीन लिंगे तर आपल्या घरचीच आहेत. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते हे ऐकून इंग्रज मनुष्य हसतो, परंतु 'ते पोर' आणि 'ते कार्टे' म्हणणाऱ्या आपण हसावे असे त्यात काही नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते, पंचवीसमध्ये आधी पाच आणि मग वीस येतात, लांबलचक समास होतात, आणि या सर्व गोष्टी ज्या इंग्रजी शिक्षकाला समजावून सांगाव्या लागतात त्या मराठी विद्यार्थ्याला सांगण्याची आवश्यकताच पडत नाही. मी स्वतः जर्मनकडून डचकडे गेलो, आणि तो क्रम मला हितकर झाला. पण मला जर्मनचा कंटाळा आला म्हणून मी तिकडे गेलो नाही. मला वेंगुर्ल्याला जावयाचे होते.

वेंगुर्ल्यास डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ साली वखार घातली. योगायोग असा की, डच भाषेला स्थैर्य देणारे स्टेट्स जनरल या डच प्रतिनिधिसभेच्या हुकुमाने झालेले बायबलचे भाषांतर त्याच वर्षी छापून निघाले. कंपनी १६०२ साली स्थापन झाली आणि १७९९ च्या अखेरीस तिचा परवाना संपला. या दोन शतकांत तिच्या कारकुनांनी जे लिहिले त्यापैकी हेग येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात उरलेला भाग कपाटांच्या फळ्यांवर सुमारे बाराशे मीटर भरतो, आणि २००३ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिसंचितात त्याची नोंद केली. या कागदांत सुरत आहे, वेंगुर्ला आहे, विजापूरची मसलत आहे, आणि शिवाजीमहाराजांचे नाव तर प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाला जसे ऐकू आले तशा हरतऱ्हेच्या वर्णांत उतरविलेले आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी आपल्या शिवचरित्रासाठी या कागदांचा उपयोग केला, त्याला आता नव्वद वर्षे होत आली. आणि त्यांच्यानंतर मराठी मुलखातून या वाटेने गेलेल्यांची गर्दी झाली, असे काही म्हणवत नाही.

एक कागद जवळून पाहण्यासारखा आहे. १६७७ साली कर्नाटकाच्या स्वारीत असताना महाराजांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील डचांना व्यापाराचा कौल दिला. त्या कौलात, मुसलमानी अमदानीत दास-दासी खरेदी करून येथून घेऊन जाण्याची जी मुभा तुम्हांला होती, ती मी या प्रांताचा धनी असेतोवर मिळणार नाही, अशा आशयाचे कलम आहे. हे कलम आपल्यापुढे येते ते कंपनीच्या दप्तरातील डच अनुवादाच्या रूपाने. म्हणजे एका मराठी राजाचे बोलणे एका दुभाष्याच्या तोंडून एका डच कारकुनाच्या कानी पडले, त्याने ते आपल्या भाषेत बसविले, आणि आता तीनशेहून अधिक वर्षांनी ते मला पुन्हा मराठीत आणावयाचे आहे. येथे भाषांतरकारापुढे एक मोह उभा राहतो, तो म्हणजे कौलाला शिवकालीन पत्रांचा थाट चढवून 'बरे बूझोन वर्तणे' अशा वळणाने त्याची सांगता करण्याचा. तो मोह आवरला पाहिजे, कारण तो थाट कागदात नाही. मात्र कौल, जकात, हवालदार, फर्मान हे शब्द मूळच्याच रूपाने परत आणले पाहिजेत. कारण डच कारकुनाने त्यांचे पुष्कळदा भाषांतर केलेलेच नाही, ते त्याने ऐकले तसे आपल्या लिपीत टिपून घेतले आहेत.

आणि नेमक्या याच स्थळी जर्मनही उपयोगी पडत नाही आणि डचही पडत नाही. हेगचा विद्वान अशा शब्दापाशी कोश उघडतो. ज्याने पेशवे दप्तरातील एक-दोन रुमाल सोडून पाहिले आहेत, तो तो शब्द नुसता मोठ्याने वाचतो आणि ओळखतो. गावांची आणि मनुष्यांची नावे तर अशी विद्रूप झालेली असतात की, कोकणातील तालुक्यांचा नकाशा ज्याच्या डोक्यात नाही त्याने ती सोडवूच नयेत. यंत्राकडून या हस्तलिखितांचे लिप्यंतर करविण्याचा उद्योग हॉलंडात अलीकडे मोठ्या प्रमाणावर झाला आहे आणि तो स्तुत्य आहे. तरीही आपल्याकडील विशेषनामे आली की त्याची रुजुवात मूळ पानावरूनच करावी लागते.

आता जर्मन जाणणाऱ्याला डच कितपत सोपी, याविषयी दोन शब्द. वाचण्यापुरती ती बरीच सोपी आहे. जर्मनमध्ये ज्या व्यंजनांचे फार पूर्वी परिवर्तन होऊन गेले ती डचने जशीच्या तशी राखली, म्हणून जर्मनचा 'वासर' डचमध्ये 'वाटर' असतो आणि 'त्सेन' हा 'टीन' असतो; हे नियम ध्यानात बसले की अर्धा शब्दसंग्रह आपोआप हाती येतो. विभक्ती आजच्या डचने टाकून दिल्या आहेत, आणि लिहिण्यात रेंगाळलेले त्यांचे अवशेषही हॉलंडात १९४७ च्या शुद्धलेखन-सुधारणेने बहुतांशी काढून टाकले. पण कंपनीच्या कागदांतील सतराव्या शतकाच्या डचमध्ये त्या अजून वावरत असतात, त्यामुळे आजच्या डच वृत्तपत्रापेक्षा तीनशे वर्षांपूर्वीचा डच खलिता वाचताना जर्मन अधिक कामी येते, ही गोष्ट चमत्कारिक वाटली तरी खरी आहे. धोका आहे तो या सोपेपणातच. डचमध्ये 'झे' म्हणजे समुद्र आणि 'मेर' म्हणजे सरोवर; जर्मनचा 'मेर' समुद्र असतो आणि तिचा 'झे' बहुधा सरोवर. आरमाराच्या हालचालींविषयीचे पत्र जर्मनच्या भरवशावर वाचणारा अख्खे गलबत तळ्यात नेऊन सोडील. डच आणि इंग्रज यांच्या तारखांत त्या काळी दहा दिवसांचे अंतर असते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. सुरतेच्या दोन वखारींतील पत्रे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर स्वारीच्या आधी दहा दिवस लूट झालेली दिसेल. उच्चाराविषयी मी काही बोलत नाही. माझे डच लोक मरून गेले आहेत आणि ते माझा घशातला 'ख' ऐकत नाहीत.

निवडीचे परिणाम किती अनपेक्षित असतात, याचे उत्तम उदाहरण जपानने घालून दिले आहे. दोन शतकांहून अधिक काळ जपानात यूरोपीयांपैकी एकट्या डचांना प्रवेश होता, म्हणून पाश्चात्त्य विद्या हवी असणारा जपानी मनुष्य डचच शिके. सुगिता गेनपाकू आणि त्यांचे सहकारी यांनी १७७४ साली शरीररचनेचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो योहान कुल्मुस या जर्मनाच्या ग्रंथाच्या डच भाषांतरावरून केलेला होता. जर्मन विद्या त्यांच्याकडे डच वेषात आली. पुढे १८५९ साली फुकुझावा युकिची योकोहामास गेले, तेव्हा दुकानांवरच्या पाट्या त्यांना वाचता येईनात, कारण त्या इंग्रजीत होत्या, आणि इतक्या कष्टाने कमावलेली डच एका फेरफटक्यात निरुपयोगी ठरली. ते इंग्रजीकडे वळले, आणि डच येत असल्यामुळे ती त्यांना पुष्कळ लवकर आली. म्हणून जे तरुण 'पुढे हिचा उपयोग राहील का' असे विचारतात, त्यांना मी फुकुझावांचे चरित्र वाचावयास सांगतो.

तेव्हा माझा कौल असा. ज्याला तत्त्वज्ञान, संस्कृतविद्या, विज्ञान किंवा नोकरी यांपैकी काहीही हवे आहे, किंवा काय हवे आहे तेच अद्याप ठाऊक नाही, त्याने निःशंकपणे जर्मन घ्यावी. तिला शिक्षक आहेत, वर्ग आहेत, परीक्षा आहेत आणि सोबती आहेत. परंतु ज्याला मोडी वाचता येते, ज्याचे मन शिवकालात रमते आणि जो एकट्याने बसून काम करण्यास कंटाळत नाही, त्याने लोकसंख्येच्या हिशेबाला न भुलता डच शिकावी, आणि जर्मन आधीच येत असेल तर विशेषच. हेगच्या दप्तरखान्याने कंपनीच्या कागदांची छायाचित्रे कोणालाही घरबसल्या आणि विनामूल्य पाहता येतील अशी सोय केली आहे. प्रवासखर्चाची सबबही आता उरलेली नाही. आरंभ वेंगुर्ल्याच्या पत्रांपासून करावा.