पडायची मुभा कुणाला?

दरवर्षी 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली माणसं जमतात. बाबासाहेब तिथे मुक्कामाला थांबले होते, ती आठवण म्हणून. यंदा तिथेच नानांनी मला गाठलं. नाना आमच्या देवपुरातले जुने कार्यकर्ते, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले. जयभीम झाल्यावर पहिलाच प्रश्न आला, "तठे कसाले गया व्हता रे भो? चळवळीतला माणूस बर्फावर घसराले जास का?"

आजूबाजूचे हसले, मीही हसलो. माझे गुलमर्गचे फोटो त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिले होते. तिथे गर्दीत उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देतोय. उत्तर थोडं लांब आहे आणि ते मधेच चाळीसगावला जाणार आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. नोकरी आरक्षणातून मिळाली, हे मी कुठेही ताठ मानेने सांगतो. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एलटीसी घेऊन बायको-पोरांसह काश्मीरला गेलो. गुलमर्गला सगळे करतात तेच करणार होतो. गोंडोल्यात बसायचं, बर्फात फोटो काढायचे आणि परत यायचं. लाकडी घसरगाडीवर बसायला मात्र माझ्या लेकीने साफ नकार दिला. ती गाडी दोरीने ओढायला एक बापाच्या वयाचा माणूस उभा होता. "त्यांनी मला ओढायचं? का?" एवढंच ती म्हणाली. (माथेरानच्या हातरिक्षा बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं, तेव्हा मला तिचा हाच प्रश्न आठवला.) मग ती एका उतारावर जाऊन उभी राहिली. तिथे तिच्याच वयाची काश्मिरी पोरं एका फळीवर आडवी उभी राहून सर्रकन वळणं घेत खाली येत होती. लेक म्हणाली, "पप्पा, हे." तिला छोटा बोर्ड मिळाला, मला मोठा. आमचे तीन दिवस तिथेच गेले.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्कीमध्ये प्रत्येक पायाला वेगळी पट्टी असते आणि हातात दोन काठ्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात आणि हात मोकळे. पाय जिथे बांधतात त्याला बाइंडिंग म्हणतात. खाली बेसप्लेट, घोट्यावर एक पट्टा, बोटांवर एक पट्टा आणि मागे पोटरीला टेकणारी उभी पाटी, तिला हायबॅक म्हणतात. पट्टे आवळायला दातेरी रॅचेट असतं. इलेक्ट्रिशियनचा केबल टाय आठवा. तो जसा करकर करत फक्त घट्टच होत जातो तसंच हे, फरक इतकाच की याला सोडवायची कळ असते. बेसप्लेटच्या मधोमध अंशांच्या खुणा असलेली गोल चकती असते. तिचे स्क्रू ढिले करून पाय कोणत्या कोनात ठेवायचा ते ठरवतात. शिकणाऱ्याच्या पुढच्या पायाची बोटं बोर्डाच्या नाकाकडे थोडी वळवतात, मागचा पाय जवळपास आडवा किंवा किंचित उलट्या दिशेला.

कोणता पाय पुढे, हे ठरवायची आमच्या काश्मिरी मास्तराची पद्धत मजेदार होती. त्याने मला पाठीत अचानक ढकललं. सावरायला उजवा पाय पुढे पडला. "आप गूफी हैं," तो म्हणाला. मी जरा चिडलोच. नंतर कळलं, उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला म्हणतातच तसं.

सुरुवातीला या फळीला बाइंडिंगच नव्हतं. 1965 च्या नाताळात अमेरिकेत मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या बापाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि पुढे दोरी बांधली. त्याचंच पुढे ‘स्नर्फर’ नावाचं खेळणं झालं. 1970 च्या दशकात जेक बर्टन, टॉम सिम्स यांच्यासारख्यांनी फळीला पाय अडकवायचे पट्टे आणले, 1980 च्या दशकात हायबॅक आलं. आणि हायबॅक आल्यावर खरा फरक पडला. का, ते माझ्या दोन वाया गेलेल्या दिवसांवरून सांगतो.

उतारावर वळायचे दोन मार्ग आहेत. एक, बोर्ड आडवा घालून बर्फ खरवडत जायचं. पंख्यासारखा बर्फ उडतो, वेग कमी होतो आणि मागे रुंद फरकाटा राहतो. शिकाऊ सगळे हेच करतात. दुसरा मार्ग म्हणजे कार्व्हिंग, काठावर वळणं. बोर्ड मधे निमुळता आणि दोन्ही टोकांना रुंद असतो. तो एका काठावर कलला की वाकतो, आणि काठाची ती कमान बर्फात रुतून आपोआप वळण घेते. पुढच्या टोकाने जी चीर पाडली त्याच चिरेतून शेपूट जाते. मागे राहते ती फक्त पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक रेघ. सायकल कलवून वळवतो तसं हे. बोटांकडच्या काठावर जाताना नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची. टाचांकडच्या काठावर जाताना गुडघे वाकवून, छाती सरळ ठेवून पोटरी मागच्या हायबॅकवर टेकायची. ती पाटी तुमचं वजन टाचेच्या काठापर्यंत पोचवते. पाटी नसेल तर घोटा नुसता मागे ओघळतो.

बोटांकडचं वळण मला दुसऱ्या दिवशी सकाळी जमायला लागलं. टाचांकडचं काही केल्या जमेना. प्रत्येक वेळी बोर्ड सपाट व्हायचा, उताराकडचा काठ बर्फात अडकायचा आणि मी दाणकन आपटायचो. लेक मात्र वळत होती. दुपारी चहाच्या टपरीवर मराठी ऐकू आलं म्हणून मी आनंदाने बोलायला गेलो. पुण्याकडचं एक कुटुंब होतं. कुठले, काय करता, आडनाव काय. आडनाव सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले, आणि तो "अच्छा" तुम्हाला मी समजावून सांगायला नको. मग बोलता बोलता त्यांनी शास्त्र सांगितलं, "बॅलन्स हा रक्तातच असावा लागतो हो. काश्मिरी पोरांना तो उपजत असतो, आपल्याला नाही जमायचं." त्यांनी ‘आपल्याला’ म्हटलं खरं, पण बघत होते माझ्याकडे.

मित्रांनो, लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. ते वाक्य मला पटलं. वीस वर्षं मी मेरिटच्या थोतांडावर भाषणं दिलीत. बुद्धी रक्तात नसते, संधीत असते, हे शेकडो पोरांना सांगितलं. आणि त्या दुपारी बर्फात बसून मी स्वतःला म्हणत होतो की आपल्यात ते नाही.

संध्याकाळी मास्तराने माझा डावा बूट धरून हलवला. हायबॅक लटपटत होतं. भाड्याच्या बोर्डावर त्याचा एक स्क्रू निसटला होता आणि पाटी मागे कलंडत होती. शिवाय घोट्याच्या पट्ट्याच्या रॅचेटचे दात झिजले होते, मी आवळायचो आणि दोन वळणांत तो ढिला पडायचा. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, पाटी पुढे कलवून घट्ट केली, पट्टा बदलला आणि म्हणाला, "अब बैठो, कुर्सी समझ के." तिसऱ्या दिवशी सकाळी टाचेचा काठ पहिल्यांदा बर्फात रुतला. पोटरीवर दाब आला आणि फळी आपणहून वळली.

यावरून कुणी सोपा निष्कर्ष काढू नये. पट्टा नीट झाल्यावर मी उस्ताद झालो नाही. त्या दिवशीही पंधराएक वेळा पडलो असेन. दुरुस्त बाइंडिंग वळण देत नाही, ते फक्त तुमची चूक तुमचीच राहील याची हमी देतं. आधी मी कुणाच्या तरी ढिल्या स्क्रूची शिक्षा भोगत होतो. नंतर मी माझ्या चुका केल्या आणि त्यातून शिकलो. सरावाचे तास दोन्ही वेळा द्यावेच लागतात, पण पहिल्या प्रकारात दिलेले तास मातीत जातात, आणि माणूस मातीला दोष न देता स्वतःला देतो.

आता चाळीसगाव. 1929 चा ऑक्टोबर. बाबासाहेब धुळ्याकडून मुंबईला परतत होते. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीच्या कामावर ते आले होते. चाळीसगावच्या लोकांनी रात्री मुक्कामाचा आग्रह केला. महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता. एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तडजोड झाली की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणार तुमचा माणूस. साहेबांना पायी कसं न्यायचं, म्हणून लोकांनी मान्य केलं आणि आपल्यातल्याच एकाला पुढे बसवलं. त्याने आयुष्यात लगाम धरला नव्हता. निघाल्यावर लगेचच एका मोटारीशी धडक होता होता वाचली. पुढे नदीवरचा पूल, कठडा नाही, नुसते अंतराअंतरावर दगड, आणि पुलावर शिरायला काटकोनात वळण. त्या वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. पाय मोडला. हे सगळं त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं आहे.

आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा टांगेवाल्यांच्या नकाराबद्दल बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण मला आता त्या हाकणाऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. त्याचं नावही आपल्याला माहीत नाही. बाबासाहेब लिहितात त्याचा आशय असा की आधी त्याला वाटलं यात काय मोठंसं, पण पुढे जबाबदारी जाणवली तसा तो इतका घाबरला की घोडा आवरायचा प्रयत्नच त्याने सोडून दिला. बोर्डावर नेमकं हेच होतं. भीती वाटली की माणूस अंग मागे टाकतो. अंग मागे गेलं की पुढच्या टोकावरचं वजन जातं, टोक बर्फ धरत नाही आणि फळी वाटेल तिकडे पळते. उतार उभा असेल तेव्हाच वजन पुढच्या पायावर ठेवायचं, हे डोक्याला पटलं तरी अंगाला पटत नाही. अंगाला पटायला शेकडो वेळा मऊ जागी पडावं लागतं. त्या माणसाला ती पहिली वेळ मिळाली तीच कठडा नसलेल्या पुलावर, मागे बाबासाहेब बसलेले असताना. टांगा हाकणं काही त्याच्या रक्तात कमी नव्हतं. रिकाम्या मैदानात, रिकाम्या टांग्यात चुका करायची मुभा त्याला कुणी कधी दिली नव्हती. आपल्या पोरांचं पहिलं भाषण, पहिली मुलाखत, पहिली ऑफिसर म्हणून सही अजूनही बहुतेक वेळा त्याच पुलावर होते. घसरलं की लोक म्हणतात, बघा, म्हणूनच म्हणत होतो.

एक उलटं उदाहरणही सांगतो, कारण तेही आपल्याच भाषेत बोलतं. अमेरिकेत स्कीवाल्यांनी सुरुवातीला बहुतेक डोंगरांवर स्नोबोर्डला बंदी घातली होती. हळूहळू ती उठली, न्यू मेक्सिकोतल्या टाओसने 2008 मध्ये उठवली. यूटातलं आल्टा, डीअर व्हॅली आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन यांनी मात्र ठेवली. आल्टाची बरीचशी जमीन सरकारी जंगलखात्याची. म्हणून 2014 मध्ये काही बोर्डवाले कोर्टात गेले आणि चौदाव्या घटनादुरुस्तीतली समान संरक्षणाची हमी मागू लागले. गुलामी संपल्यावर 1868 मध्ये आलेली ती दुरुस्ती. 2016 मध्ये अपील कोर्टानेही त्यांना परत पाठवलं. बंदी खाजगी कंपनीची आहे, सरकारची नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

आमच्या एका तरुण वकील मित्राला यात चवदार तळं दिसलं. मला नाही दिसत. बोर्ड सोडून स्की घातली की आल्टाचं फाटक त्याच माणसाला उघडतं. महाडला काय सोडून आत जायचं होतं? आपल्या दुःखाचे शब्द दुसऱ्याच्या गैरसोयीला लावले की ते झिजतात, त्या रॅचेटसारखे. पण ‘बंदी खाजगी आहे’ हे उत्तर मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्या घटनेचं कलम 15(2) दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं घेऊन बोलतं आणि कलम 17 तर सरकार की खाजगी असा प्रश्नच विचारत नाही. चाळीसगावचे टांगेही खाजगीच होते.

स्की आणि बोर्डच्या बाइंडिंगमध्ये एक फरक आहे, तो सांगायचा राहिला. स्कीचं बाइंडिंग जोराचा पीळ पडला की पाय मोडायच्या आत सुटावं, असंच बनवलेलं असतं. किती जोराला सुटायचं तेही वजन-उंची बघून लावता येतं. बोर्डचं सुटत नाही. एक पाय सुटला आणि दुसरा फळीत राहिला तर तो दुसरा पिळवटेल, म्हणून ते तसं ठेवलंय. म्हणजे पडायचं तर फळीसकट पडायचं. म्हणून पहिला धडा वळायचा नसतो, पडायचा असतो. पुढे पडताना तळहात टेकायचे नाहीत, मनगट जातं. मूठ मिटायची आणि पूर्ण कोपरापर्यंतचा हात टेकायचा. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, बसकण मारायची आणि पाठीवर लोळायचं.

नाना, खर्चाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. प्रत्येक शाखेने गुलमर्गला जावं असं मी म्हणत नाही. पण मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार म्हणून खेडं आहे. तिथे 2015 मध्ये स्केटबोर्डचा काँक्रीटचा पार्क झाला. आदिवासी आणि यादवांची पोरं एकाच उतारावर पडायला लागली. नियम दोनच, आधी मुली आणि शाळा नाही तर बोर्ड नाही. तिथली आशा गोंड 2018 मध्ये चीनला जागतिक स्पर्धेत खेळून आली. तिथे बर्फ नव्हता.

देवपुरातही नाही. वाडीभोकर रोडच्या आमच्या गल्लीत मी चार फुटांची प्लायची फळी आणि खाली जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा, एवढं ठेवलंय. त्यावर आडवं उभं राहायचं आणि टाचा-बोटांवर तोल पेलायचा. बाइंडिंग नाही, जुन्या गाद्या मात्र भरपूर. रविवारी सात-आठ पोरं येतात, त्यात चार मुली. परवा शेजारच्या दुसरीतल्या पोरीने नववा आपट खाल्ला तशी तिची आजी ओट्यावरून ओरडली, "हात मोडी ना बाई!" पोरीने मूठ मिटून दाखवली आणि परत चढली. नाना, रविवारी सकाळी आठला या. गादीची एक बाजू धरायला माणूस कमी पडतो.