वेळ उरल्यास विश्रांती

प्रिय सुलू,

तू पाठवलेला तक्ता काल रात्री पाहिला आणि माझी झोपच उडाली. सहा दिवस, अकरा गावं, चार हॉटेलं, आणि सगळ्यात खाली तुझ्या त्या वळणदार अक्षरात 'वेळ उरल्यास विश्रांती'. अगं, विश्रांतीसाठीच निघालीस ना? वन्संची या वर्षातली दगदग आपण सगळ्यांनी पाहिली. त्यांना आठवडाभर फ्रान्सच्या खेड्यात निवांत घेऊन जावं हे तुला सुचलं, तेव्हा मला इतकं भरून आलं की फोनवर धड बोलताही येईना. आणि त्याच डोक्यातून हा तक्ता निघावा! ही तर दोन दिवसांत अष्टविनायक करून आणणारी बस झाली.

तू विचारलंस एवढंच, की बेनाकनंतर दोम आधी घ्यावं की ला रोक-गाजाक. कुठलंही घे. तिन्ही गावं दोर्दोन्य नदीच्या एकाच पट्ट्यात आहेत, पंधरा किलोमीटरच्या आत. पण एवढं सांगून गप्प बसेन तर मी निमा कसली!

'फ्रान्समधली सगळ्यात सुंदर गावं' ही यादी तू समोर ठेवलेली दिसतेस. ती कशासाठी निघाली ते ऐक. कोलोंज-ला-रूज नावाच्या लाल दगडाच्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांनी १९८२ मध्ये ही संस्था काढली. खेडी ओस पडत होती, पोरं शहरात जात होती, घरांना कुलपं लागत होती. यादीत येण्याची अट अशी की वस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि निदान दोन तरी जुन्या जागा सरकारी संरक्षणाखाली हव्यात. गाव जगावं म्हणून ही खटपट. आता लोक काय करतात? अकराला येतात, वाड्यासमोर फोटो काढतात, चारच्या आत पुढच्या गावाला. त्या गावातल्या पाववाल्याला त्यांचा काय उपयोग? त्याच्याकडे रोज सकाळी जाणार तो मुक्काम करणारा माणूस. माझं म्हणणं तुला हट्टी वाटेल, पण गाव बघायचं नसतंच मुळी, तिथे राहायचं असतं. निदान तिसऱ्या सकाळी पाववालीनं आपल्याला ओळखेपर्यंत.

लास्कोची गुहा घे. १९४० मध्ये चार पोरांना ती सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली, आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. कशामुळे, तर पाहायला येणाऱ्यांच्या श्वासामुळे. भिंतींवर हजारो वर्षं टिकलेल्या बैलांच्या चित्रांवर पंधरा वर्षांत शेवाळं धरायला लागलं. आता मोंतिन्याकला २०१६ पासून आहे ती हुबेहूब नक्कल. ती जरूर बघा, पण त्यासाठी एक पूर्ण दिवस ठेव. तुझ्या तक्त्यात तिच्या वाट्याला पाऊण तास आलाय. कपाळ माझं!

आम्ही बोर्दोला असताना सँ-सिप्रियाँ या गावी जाऊन राहिलो होतो, ते मी तुला कितीदा सांगितलंय. पुन्हा ऐक. तिथला आठवड्याचा बाजार रविवारी. रस्त्याच्या कडेला एक आजी मांडीवर सपाट दगड ठेवून अक्रोड फोडत होती. हातात छोटी लाकडी मोगरी. अक्रोड उभा धरायचा, टोकावर एकच टोला, कवच दुभंगायचं आणि आतला गर अख्खा बाहेर. मेंदूच्या घड्या असतात ना, तसा, कुठे टवका नाही. ह्यांनी हौसेनं मोगरी मागून घेतली आणि पहिल्याच फटक्यात चुरा केला. आजी हसली नाही, तो चुरा तिनं वेगळ्या टोपलीत टाकला. तो तेलाला जातो. तिच्यापाशी आमचा तासभर गेला. तुझ्या तक्त्यात अशा तासाला रकानाच नाही.

तेव्हा माझं ऐक. पॅरिसला मोंपार्नास स्टेशनवर वेगवान गाडीत बसा, दोन तासांत बोर्दो. तिथून सार्लाची साधी गाडी द्राक्षमळ्यांतून, नदीकाठानं रमतगमत जाते. तीच सँ-सिप्रियाँला थांबते. तिथे आठवड्यासाठी एकच घर घ्या. ही घरं बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात. बुधवारी नाहीतर शनिवारी सार्लाचा बाजार. ते गाव आज इतकं देखणं दिसतं त्याचं श्रेय तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री मालरो यांच्या १९६२ च्या कायद्याला. पाडायला निघालेली जुनी घरं त्यानं वाचवली. गुरुवारी दोमचा बाजार, टॅक्सीनं जा. एक संध्याकाळ बेनाकच्या किल्ल्याखाली काढा, समोर नदीपलीकडे कास्तेलनोचा किल्ला. शंभर वर्षांच्या युद्धात एकीकडे फ्रेंच, दुसरीकडे इंग्रज, आणि एकमेकांच्या चुली दिसतील एवढंच अंतर. बाकी दुपारी झोपा. सगळं गावच खिडक्या लावून झोपतं, दुकानंही बंद. जेवण बारा ते दोनमध्ये उरका, अडीचला गेलात तर कुणी विचारणार नाही. आणि दुकानात पाऊल टाकताच आधी 'बाँजूर' म्हणायचं, मग भाव विचारायचा. नाहीतर आपण उद्धट ठरतो.

वन्संच्या खाण्याचं बघ. सार्लाचे परतलेले बटाटे दिसायला निष्पाप, लसूण-कोथिंबिरीसारखी हिरवळ वर, पण परततात ते बदकाच्या नाहीतर हंसाच्या चरबीत. तिकडची लसणाची आमटीसुद्धा तसलीच. विचारल्याशिवाय काही घेऊ नका. चीज, अंडी, टोमॅटो, अक्रोडाचा केक यावर आठवडा मजेत निघतो, आणि घरात चूल असली की खिचडी आहेच.

आता खरी काळजी. गाडी वन्सं चालवणार म्हणतेस. सुलू, स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून, भाड्याच्या गाड्या बहुतेक गिअरच्या, आणि खेड्यात पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळातून आलेला ट्रॅक्टर का असेना. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन किती दिवस झालेत त्यांचं? त्या नाही म्हणणार नाहीत, तुझ्या आग्रहापुढे त्या कधी नाही म्हणाल्यात? म्हणूनच तू नाही म्हण. दोमच्या चढाच्या दगडी गल्ल्यांत तुझा गुडघा काय करतो तेही मला बघवणार नाही. चपला न्यायच्या नाहीत, बूट.

व्हिसाची फाइल अजून दिलेली नाहीस ना? मग आधी ती चार हॉटेलं रद्द कर, घर ठरव, तोच पत्ता फाइलमध्ये लाव. विमा निदान तीस हजार युरोंचा लागतो, तो शेवटच्या दिवशी काढू नकोस. आणि वन्संच्या साखरेच्या गोळ्या आठवड्यापेक्षा जास्तीच्या घे. डॉक्टरांकडून चिठ्ठी औषधाच्या मूळ नावानं लिहून आण, आपल्या कंपन्यांची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. तातडीचा नंबर आपल्यासारखाच, ११२.

तुझी,
निमा